एक पेर खोल

शालूबाई केदारी आमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा आल्या त्या दूध घालायला. पुढची साडेचार वर्षं त्या तिथंच राहिल्या. आमचं सगळं काम त्यांच्या दोन हातांवर उभं राहिलं आणि शेवटी आम्ही त्यांना घालवलं ते एका ओळीत. ती ओळ मी टाइप केली. तेव्हा हे लिहिणारी बाई फार चांगली आहे असं समजून वाचायला बसू नका.

लोणावळ्यात तुंगार्लीला एक जुना बंगला भाड्यानं घेऊन कंपनीनं प्रयोगशाळा थाटली होती. माडीवर प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे आमचे सर, खाली दिवाणखान्यात यंत्रं आणि मागच्या स्वयंपाकघरात मी. मी ज्योत्स्ना, देहूरोडची. शिक्षणानं इंजिनीअर आणि नोकरीनं दर अकरा महिन्यांनी नव्या कराराची वाट बघणारी. वडील लष्कराच्या डेपोत कामगार होते. मुलगी शास्त्रज्ञ झाली असं ते सगळ्या वसाहतीत सांगत सुटले होते. ही शास्त्रज्ञ मुलगी दिवसभर गॅसवर पातेल्यात जेल ढवळते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

काम असं होतं. बायकांच्या छातीतली गाठ सुरुवातीलाच सापडावी म्हणून सर एक हातात धरायचं यंत्र बनवत होते. जाड पेनाएवढं, टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा मणी. मणी कातडीवर टेकवला की यंत्र त्याला ठरलेलं तेवढंच आत दाबतं आणि त्या जागेवर मांस किती मऊ, किती ताठर, याचा आकडा देतं. मग बोटभर सरकायचं आणि पुन्हा दाबायचं. अशा चाळीस जागा झाल्या की हिरवा नाहीतर लाल दिवा. ऐकायला सोपं वाटतं, पण मऊ वस्तू मोजणं हे भलतं किचकट काम आहे. लोखंड कुठंही दाबा, लोखंडच लागतं. शरीराचं तसं नाही. एका जागी एक आकडा येतो आणि नखभर बाजूला भलताच. यंत्राला हे सगळं शिकवायला सुरुवातीलाच खऱ्या बायका कुठून आणणार? म्हणून जेल. वाटीत मऊ जेलचा थर, त्यावर घट्ट जेलची छोटी गोळी म्हणजे गाठ, आणि वरून पुन्हा मऊ थर. अशा वाट्या मी भरायची आणि त्या दर वेळी बिघडायच्या.

बिघडलेल्या वाट्या ओट्यावर पडलेल्या असतानाच शालूबाई दुधाची किटली घेऊन मागच्या दारात आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला. त्यांना वाटलं, आम्ही खरवस केलाय. मी काही बोलायच्या आत त्यांनी नळाखाली बोट धुतलं, एका वाटीवर हलकेच टेकवलं आणि नाक मुरडलं.

"ताई, ह्यो कडंला आवळलाय आन मधी कच्चा ऱ्हायलाय."

मला जरा रागच आला. त्या गेल्यावर मी ती वाटी यंत्राखाली ठेवली. पाऊण तास लागला. कडेला आकडा चौदा, मध्ये नऊ. दुसऱ्या दिवशी मी नमतं घेऊन त्यांना कारण विचारलं, तर तेही त्यांना माहीत होतं. गरम वाट्या मी थंडगार कडप्प्यावर ठेवत होते, म्हणून कड आधी आवळत होती. खाली पोतं घाला, वर ओलं फडकं टाका आणि निवेपर्यंत हात लावू नका, असं त्या म्हणाल्या. ज्यासाठी सरांनी महिनाभर माझं डोकं खाल्लं होतं ते दोन दिवसांत सुतासारखं सरळ झालं.

सरांनी त्यांना कामावर घेतलं. मदतनीस म्हणून, तेही ठेकेदाराच्या कागदावर, म्हणजे उद्या नको झाल्या तर कुणाला विचारायला नको. पहाटे आपल्या गावात, कुरवंड्यात, चार म्हशींच्या धारा काढायच्या, दूध धाकट्या जावेच्या हवाली करायचं आणि जीप मिळेल तशी पकडून दहाच्या आत तुंगार्लीला हजर व्हायचं. नवरा महिपती एका बंगल्यावर रखवालदार होता. तो बायकोच्या नोकरीवर खूशही नव्हता आणि नाराजही नव्हता. तो कशावरच काही नसायचा.

हातातलं हे कसब त्यांना म्हशींनी शिकवलं होतं. धार काढायच्या आधी त्या कासेचे चारही भाग तळहातानं चाचपायच्या. कुठं आत खडा लागला की दगडी होणार, म्हणजे कास सुजून दूध नासणार, हे त्यांना गुरांच्या डॉक्टरच्या आधी चार दिवस कळायचं. हाताला गुण आहे असं कुणी म्हटलं की मात्र त्या चिडायच्या. गुण कसला, ध्यान लागतं, म्हणायच्या. ध्यान नसलेल्या माणसांचा त्यांना मनापासून तिटकारा होता आणि तो त्या लपवत नसत. पुण्याहून येणाऱ्या पदवीधर पोरांना त्या वाट्यांना शिवू देत नसत. एकानं एकदा फडकं उचलून बघितलं तर त्याला त्यांनी असं फैलावर घेतलं की तो आठवडाभर स्वयंपाकघरात फिरकला नाही.

आणि नीटनेटकेपणा तर विचारू नका. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं होतं की गाठ दर वेळी सारख्याच खोलीवर बसली पाहिजे, नाहीतर एका वाटीची दुसरीशी तुलना करता येत नाही. त्यांना पट्टीवरच्या बारीक रेघा दिसत नव्हत्या. मग मी त्यांचा अंगठा हातात घेतला, वरच्या पेरावर बॉलपेननं रेघ मारली आणि म्हटलं, मावशी, वरून एवढं खोल, नेहमी एवढंच. ती रेघ संध्याकाळी भांडी घासताना गेली असेल, पण शालूबाईंच्या कामातून ती साडेचार वर्षांत कधी गेली नाही. पाचशेच्या वर वाट्या त्यांनी भरल्या. आम्ही काही कापून बघितल्या. सगळ्यांत गाठ एक पेर खोल. सर पाहुण्यांना ते कापलेले तुकडे दाखवून सांगायचे की परदेशातसुद्धा इतके एकसारखे नमुने मिळत नाहीत.

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले ती म्हैस व्याली म्हणून खरवस खायला. घर एकत्र होतं. महिपती, धाकटा दीर कैलास, दोघांच्या बायका आणि सासू. सासूबाईंनी माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं आणि त्या गप्प झाल्या. चहा आला तो घरातल्या नेहमीच्याच कपांतून, हे मी बघून घेतलं. आमच्या लोकांना हे बघायची सवयच लागलेली असते. चहा आणून दिला तो चंपानं, कैलासच्या बायकोनं. चाळिशीची, उंच, तोंडाळ बाई. मोठी जाऊ शहरात जाऊन जेली करते, अशी ती सगळ्या आळीत टवाळी करायची. शालूबाईंच्या तोंडावरसुद्धा करायची. पण शालूबाई कामावर जाऊ शकत होत्या त्या चंपाच्या जिवावर. दूध वाटणं, शेण, वैरण, सासूचं पथ्यपाणी, सगळं ती एकटी ओढत होती आणि तोंडानं बोलून दाखवत होती. दोघी दिवसभर भांडायच्या आणि एकीशिवाय दुसरी जेवायची नाही.

चौथ्या वर्षी सरांनी यंत्राची परीक्षा घेतली. चाळीस वाट्या, काहींत गाठ आणि काहींत नाही. गंमत म्हणून त्यांनी शालूबाईंनाही बसवलं. वाट्या त्यांच्याच, पण कुठल्या वाटीत काय ते मी झाकून, अदलाबदल करून ठेवलेलं. यंत्रानं चाळीसच्या चाळीस बरोबर सांगितल्या. शालूबाईंच्या तीन चुकल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, यंत्रासाठी. शालूबाईंनीही वाजवल्या. घरी जाऊन त्यांनी सांगितलं की यंत्र माझ्यापेक्षा हुशार निघालं. त्या बोलण्यात हार नव्हती, अभिमान होता. पोर आईच्या पुढं गेलं की आई सांगते तसं त्या सगळ्या कुरवंड्याला सांगत फिरल्या.

मग शिबिरं सुरू झाली. यंत्र विकायची परवानगी मिळायला सहाशे बायकांची तपासणी कागदावर हवी होती. मावळातल्या बायका अशा कुणापुढं छाती उघडी करणार? शालूबाई नसत्या तर सहासुद्धा आल्या नसत्या. त्या आधी गावात जायच्या, ओसरीवर बसायच्या, आमी केल्यालं यंत्र हाय, दुखत न्हाई, बायामानसंच हायेत, असं सांगायच्या. बायका यायच्या त्या यंत्राकडं बघून नाही, शालूबाईंच्या तोंडाकडं बघून. आम्ही अहवालात लिहिलं, 'ग्रामीण महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.'

कुरवंड्याचं शिबिर शाळेच्या वर्गात होतं. आदल्या दिवशी शालूबाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या की चंपाला तेवढं नीट बघा. चंपाला दुधाचा कॅन उचलताना डाव्या बाजूला जड वाटत होतं. गोठ्यातच शालूबाईंनी तिला चाचपलं होतं. त्यांच्या हाताला आत काहीतरी लागलं होतं, खूप खाली, बरगडीलगत, बोराच्या बीएवढं. चंपा शिबिराला यायला तयार नव्हती. शालूबाईंनी तिला भांडून आणलं.

मी स्वतः तपासलं. चाळीस जागा. हिरवा दिवा. पुन्हा तपासलं, पुन्हा हिरवा. पडद्याच्या आत आम्ही तिघीच होतो. शालूबाई म्हणाल्या, जरा दाबून लावा, वरवर लागतंय. मी सांगितलं की दाब यंत्र ठरवतं, तो वाढवता येत नाही. वाढवला तर आधीच्या आकड्यांशी ताळमेळ राहत नाही. त्यांनी चंपाच्या छातीवर स्वतःचा तळहात ठेवला, चांगला रुतवला आणि गोल फिरवला.

"ताई, मला लागतंय हितं. आत हाय."

बाहेर तीस बायका थांबल्या होत्या. मला संध्याकाळची लोकल गाठायची होती. आणि खरं सांगायचं तर एका मदतनीस बाईनं पेशंटसमोर यंत्रावर शंका घ्यावी, याचा मला रागही आला होता. मी म्हणाले, "मावशी, हाताला भास होतो. यंत्राला होत नाही. तुमच्या तीन वाट्या चुकल्या होत्या, आठवतंय ना?"

त्यांनी हात काढून घेतला, पदराला पुसला. चंपा ब्लाउजची बटणं लावत हसली आणि म्हणाली, "बगा आक्का, तुमचंच यंत्र म्हनतंय न्हाई म्हनून. उगा मला भ्या घातलं." मी तिला हिरवी बरोबरची खूण छापलेली चिठ्ठी दिली. तिनं ती घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली. पुढं कधी जड वाटलं की शालूबाई डॉक्टरकडं चल म्हणायच्या आणि ती चिठ्ठी काढून दाखवायची. दोनतीनदा असं झाल्यावर शालूबाईंनी म्हणणं सोडून दिलं. त्यांचाही विश्वास बसला होता. यंत्र चुकत नाही हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं ना, चाळीसपैकी चाळीस.

आठ महिन्यांनी चंपाच्या छातीवरची कातडी एका जागी आत ओढली गेली. मग पुण्याचं मोठं हॉस्पिटल, सुया, फोटो, रिपोर्ट. तोवर काखेत पसरलं होतं. शालूबाई सोबत गेल्या होत्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी एकच विचारलं की गाठ किती आत आहे. बाईंनी सांगितलं की सुरू झाली ती बरगडीजवळ, चांगली पाच सेंटिमीटर खाली. शालूबाईंना सेंटिमीटर कळत नव्हता. त्यांनी आपला अंगठा पुढं केला आणि विचारलं, ह्याच्यावर किती? बाईंनी पहिल्या पेराच्या पुढं, दुसऱ्याही पेराच्या पार खालपर्यंत बोट नेलं.

दुसऱ्या दिवशी त्या नऊलाच प्रयोगशाळेत आल्या. थेट ओट्यापाशी गेल्या. बारा वाट्या घेतल्या, खोलगट, नेहमीपेक्षा मोठ्या, आणि साडेचार वर्षांत पहिल्यांदा गाठी वेगवेगळ्या बसवल्या. काही वर, काही एक पेर, काही दोन पेरं, काही तळाशी. वाट्या निवल्यावर त्यांनी मला यंत्र लावायला सांगितलं. मी लावलं. एका पेरापर्यंत लाल, लाल, लाल. त्याच्या खाली सगळ्या हिरव्या. गाठ आहे हे मला माहीत होतं, मी समोर बसून ती ठेवताना बघितली होती, आणि यंत्र मला खुशाल सांगत होतं की काही नाही. एवढासा मणी, एवढासा दाब. त्याला वरवरचंच कळत होतं. आणि चांगलं कळतं असं आम्हाला वाटलं, कारण आम्ही त्याला वरवरचंच विचारलं होतं. मग शालूबाईंनी एकेका वाटीवर हात ठेवला आणि रुतवला. तळाच्या एका गाठीचा अपवाद सोडला तर बाकी सगळ्या त्यांना सापडल्या.

"म्हंजी ह्यानं निस्त्या माज्याच गाठी वळखल्या," त्या म्हणाल्या. "दुसरीकडं कुटं असत्यात, त्ये ह्याला कुनी दावलंच न्हाई."

त्या रडल्या नाहीत. वाट्या घासल्या, पालथ्या घातल्या आणि चंपाचं जेवण घेऊन हॉस्पिटलात जायचं म्हणून निघून गेल्या. मी ते आकडे घेऊन माडीवर गेले. सरांनी कागद खालपर्यंत वाचला. मग म्हणाले की ही मर्यादा आपल्याला तत्त्वतः माहीतच होती, पुढच्या आवृत्तीत बघू. माहितीपुस्तिकेत अकराव्या पानावर एक ओळ घातली गेली की खोलवरच्या गाठींच्या शंकेसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सहाशे बायकांना पुन्हा बोलवायला हवं, असं मी म्हणून बघितलं. सरांनी विचारलं, कुणाच्या खर्चानं? परवानगी महिन्यावर आली होती. माझा करारही महिन्यावर आला होता. सरांनी दोन्हींचा उल्लेख एकाच वाक्यात केला, अगदी सहज.

कंपनीच्या वरच्या लोकांना पाठवायच्या अहवालात खोल गाठी का सुटल्या याचं कारण लिहिणं भाग होतं. सर खिडकीपाशी उभे राहून सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. 'नमुने तयार करणाऱ्या मदतनिसाकडून गाठींच्या खोलीत आवश्यक ते वैविध्य राखले गेले नाही.' माझी बोटं थांबली, हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, खरंच थांबली. सरांनी वळून बघितलं. मी पूर्णविराम दिला. अंगठ्यावरच्या त्या रेघेबद्दल सरांना काही माहीत नव्हतं. ते मला आणि शालूबाईंनाच माहीत होतं. मी सांगितलं असतं तर त्या ओळीत मदतनिसाच्या जागी माझं नाव आलं असतं.

नवीन वाट्यांची गरज उरली नव्हती. ठेकेदारानं शालूबाईंना फोनवर कळवलं. त्या पगाराला किंवा सामानाला म्हणूनही परत आल्या नाहीत.

चंपा दिवाळीच्या आधी गेली. पंधरा दिवसांनी कैलास ती हिरवी चिठ्ठी घेऊन तुंगार्लीला आला. भांडायला नव्हता आला बिचारा. चिठ्ठी टेबलावर ठेवून त्यानं एवढंच विचारलं की ही खरी होती का. सरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अहवालातली ती ओळ वाचून दाखवली. त्याला ती समजली नाही तेव्हा सोप्या भाषेत समजावून सांगितली. मी शेजारी उभी होते. कैलासला आधी वाटलं, कुठल्यातरी परक्या बाईबद्दल बोलणं चाललंय. मदतनीस म्हणजे आपली वहिनी, हे लक्षात आल्यावर तो उठला आणि चिठ्ठी तशीच टाकून गेला.

त्यानंतर आठवड्यानं मी कुरवंड्याला गेले. सांत्वनाला, असं घरी सांगितलं. घरात चुली दोन झाल्या होत्या. म्हशींचीही वाटणी झाली होती. सासूबाई शालूबाईंच्या हातचं पाणी घेत नव्हत्या, हे मला कुणी सांगावं लागलं नाही, ओसरीवरच दिसलं. शालूबाईंनी भरून आणलेला तांब्या तसाच राहिला आणि म्हातारी उठून स्वतः आत गेली. शालूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मी शेवटचं बघितलं होतं त्याच्या त्या निम्म्या झाल्या होत्या.

कैलास माझ्यासमोर येऊन बसला. महिपती होता, शेजारच्या दोन बायका होत्या. तो म्हणाला, "ताई, तुमी शिकल्यासवरल्या हायसा. खरं काय त्ये सांगा. वैनीनं वाट्या चुकीच्या भरल्या म्हनून यंत्र चुकलं का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. शालूबाई बघत नव्हत्या, त्या खाली बघत होत्या. एक वाक्य पुरलं असतं. खोली मी ठरवली होती, त्यांनी फक्त ऐकलं, आणि त्यांचा हात बरोबर सांगत असताना त्यांना गप्प मीच केलं. एवढं बोलले असते तर त्या बाईला स्वतःच्या घरात पुन्हा बसायला जागा मिळाली असती. पण कैलासनं तक्रार करायची ठरवली आहे असं माझ्या कानावर आलं होतं. इथं बोललेलं उद्या कागदावर जाणार होतं आणि नवा करार माझ्या पर्समध्ये होता.

"अहवालात जे आहे ते आहे," मी म्हणाले.

कैलासनं मान हलवली. शेजारच्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. शालूबाई चौकट सोडून परसात गेल्या.

मी त्यांच्या मागं गेले. आता मात्र खरं सांगायलाच हवं, मी कुरवंड्याला का गेले होते ते. तीन आठवड्यांपासून मला उजव्या बाजूला काहीतरी जड वाटत होतं. प्रयोगशाळेचं दार लावून मी पाच वेळा यंत्र लावलं होतं. पाचही वेळा हिरवा दिवा आला आणि एकदाही मला झोप आली नाही. डॉक्टरकडं जायचं धैर्य होत नव्हतं. गोठ्यात शालूबाई एका म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांना मी काय आणि कसं सांगितलं, मला आठवत नाही. अर्धंच सांगितलं असेन, बाकीचं त्यांना कळलं.

त्यांनी मला नाही म्हणायला हवं होतं. मी त्यांच्या जागी असते तर म्हणाले असते. त्यांनी परसातल्या चुलीवरचं कढत पाणी घमेल्यात ओतलं, थंड मिसळलं, कोपरापर्यंत हात धुतले आणि पोटाशी धरून गरम केले. गोठ्याच्या दाराचं फळकूट ओढून घेतलं. मग माझ्यासमोर उभं राहून, मान बाजूला वळवून, त्यांनी हात ठेवला. हलका नाही, रुतवून. सावकाश, तसूतसू सरकत, काखेपर्यंत. किती वेळ गेला कोण जाणे. ज्या यंत्राच्या प्रत्येक कागदावर माझी सही होती त्याच्यावर माझा विश्वास नव्हता, आणि जिला मी दहा मिनिटांपूर्वी चारचौघांत खोटं पाडलं होतं तिच्या हाताखाली मी श्वास रोखून उभी होते.

"काय न्हाई लागत," त्या म्हणाल्या. "पर डाक्टरला दावा. माज्या हाताला बी चुकतं."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्या मागं सरकल्या आणि म्हणाल्या, "आता जावा ताई. सासूबाईंनी बगितलं तर तुमाला बी चहा देनार न्हाईत."

सोमवारी मी डॉक्टरकडं जाऊन आले. काही निघालं नाही. मंगळवारी सतरा यंत्रं बाहेरगावी जायची होती. प्रत्येकासोबत एक कागद जातो, त्यावर 'तपासले, बिनचूक' असं छापलेलं असतं आणि त्याखाली माझी सही लागते. मी सतराही कागदांवर सह्या केल्या.